बद आला

"बदाच्या डोळ्यात डोळा घालून बार टाकतो मी," बद्रुद्दीननं बशीतला चहा फुंकत सांगितलं. "मांगून मारनं आपल्या खानदानीत नाय. समोरून. त्याले कळलं पायजे का आपल्याले कोन मारून राह्यलं ते."

बुलढाण्याच्या स्टँडाबाहेरच्या हॉटेलात, बाकावर, हे बोलणं चाललं होतं. ऐकायला एसटीचे दोन ड्रायव्हर होते, बद्रुद्दीन वर्कशॉपात होता तेव्हापासूनचे, आणि जानेफळहून मुद्दाम त्याच्यासाठी आलेला जानराव होता. जानराव आणि तो शाळेत एका तक्त्यावर बसलेले. 'बद' म्हणजे काय हे तिथं कुणाला सांगावं लागत नव्हतं. बद्रुद्दीनच्या घरात डुकराचं नाव कधी कुणी तोंडानं घेतलं नव्हतं. आजोबा 'बदजनावर' म्हणायचे, बापानं त्याचं 'बद' केलं, आणि दोस्तांनीही त्याच्यापुढं बोलताना तोच शब्द धरला होता. इतकी वर्षं त्यात काही अडचण आली नव्हती. आता बद्रुद्दीनला स्वतःला अख्खं गाव बदू म्हणायचं हे खरं, पण बद आणि बदू एका वाक्यात यायची वेळच कधी आली नव्हती.

एवढ्यात बाकाखाली केळ्याच्या साली खात असलेलं गटारातलं एक जनावर, खाणं झालं म्हणून निघालं. त्याला काही घाई नव्हती. जाता जाता त्याची ओली कूस बद्रुद्दीनच्या पायजम्याला घासली. पुढचं काय झालं ते बद्रुद्दीनला माहीत नाही. माहीत झालं तेव्हा तो बाकावर उभा होता, बशी हातात होती आणि बशीतला चहा थेंबभरही सांडला नव्हता. हेच सगळ्यात वाईट होतं. चहा सांडला असता तर दचकलो म्हणून सांगता आलं असतं. न सांडता चढणं म्हणजे पायांना ते आधीपासून येत होतं, आतल्या आत त्यांनी रियाज केला होता, आणि त्याला पत्ता लागू दिला नव्हता.

ड्रायव्हर हसले नाहीत. एकानं उगीच घड्याळात पाहिलं. जानरावानं त्याची खाली पडलेली चप्पल बाकाजवळ सरळ करून ठेवली.

"उतर बे. गेला तो."

"मी पाहून राह्यलो होतो कोन्या बाजूनं जाते ते."

"हाव. अन डोळ्यात डोळा घालाचा राह्यलाच."

घरी येताना पूर्ण रस्ता बद्रुद्दीन आपल्या पायांकडे पाहत चालला. रस्त्याला उतार होता आणि पाय शहाण्यासारखे एकापुढं एक पडत होते, जणू काही केलंच नाही. चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली झोपून काढली, कितीदा जॅक सरकला, कितीदा उकळतं पाणी अंगावर आलं. तेव्हा हे पाय हलले नाहीत. तेव्हा हलायला पाहिजे होते, तर तेव्हा गप पडून राहिले. आणि आज एवढ्याशा गोष्टीला, मालकाला न विचारता, सगळ्यांदेखत. माणसाचं मन त्याच्या ताब्यात नसतं हे त्यानं बरंच ऐकलं होतं. पायही नसतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

दारात शहाजादीनं त्याला अडवलं. हॉटेलातून घरापर्यंत तो चालत आला होता, बातमी मोटरसायकलवर आली होती.

"अंदर नक्को आओ. बाल्टी भर के रखी मैंने. पयले नहाओ."

"छुआ भर है, और क्या."

"पजामा वहींच फेको. शेर मारनेवाला खानदान है बोलते तुम, और पजामे धोऊं मैं."

अंगणात अंघोळ करताना खिडकीतून त्याला टीव्हीच्या वर टांगलेली बंदूक दिसत होती. लांब नळीची, ठासणीची. आजोबांची. घोड्याच्या खाली साहेबाच्या देशातली काही अक्षरं कोरलेली होती, पण तीन पिढ्यांनी तेल पुसता पुसता ती पुसून टाकली होती आणि आता तिथं बोट फिरवलं तर नुसता गुळगुळीतपणा लागायचा. पाहुण्याला घरात आल्यावर ती पहिली दिसे. वर्कशॉपात त्याला 'शिकारी' म्हणत ते तिच्यामुळं; लग्नकार्यात त्याला पुढच्या जाजमावर बसवत ते तिच्यामुळं; शहाजादीच्या बापानं मुलगी दिली तीही, शहाजादी म्हणते, बंदूक पाहूनच. बंदुकीशिवाय बद्रुद्दीन म्हणजे शुगरच्या गोळ्या खाणारा एक रिटायर मेकॅनिक. तसे शहरात पुष्कळ होते.

आणि ती बंदूक जायला आली होती. परवाना पीकसंरक्षणाचा होता. आजोबांचं जानेफळला वावर होतं, त्याच्यासाठी तो मिळाला होता. वावर कधीच जानरावाच्या बापाकडे गेलं, परवाना मात्र बापावरून बेट्यावर, बेट्यावरून नातवावर येत राहिला. यंदा कचेरीतल्या एका नव्या साहेबानं कागदावरून डोळे न उचलता विचारलं होतं, "पीक कुठंय?" बद्रुद्दीननं बंदूक कशी जुनी आहे, कशी नामी आहे ते सांगितलं. साहेबानं पुन्हा विचारलं, "पीक कुठंय?" शेवटी असं ठरलं की कुणाच्याही वावरात पिकाची नासाडी करणारा एक बद या बंदुकीनं पाडावा, वनरक्षकानं तो आडवा पडलेला डोळ्यांनी पाहावा आणि तसं कळवावं. नाहीतर बंदूक ठाण्यात जमा. जानरावाच्या कपाशीत बदांनी धुमाकूळ घातला होता, परवानगी त्यानं काढून ठेवली होती, मारणाऱ्याचीच उणीव होती. एवढं सगळं असं जुळून आलेलं पाहून बद्रुद्दीनला आनंद व्हायला हवा होता. झालाही होता, सकाळी, हॉटेलात, बाकावर चढायच्या आधी.

अंग पुसताना त्याला आजोबांचा आवाज ऐकू आला. आजोबा एका कानानं बहिरे होते, बंदुकीच्याच कानानं, त्यामुळं सगळं ओरडून सांगत. बार भरायचा तर तो क्रमानं, आणि क्रम ओरडून. "दारू. काथ्या. ठास. छर्रे. काथ्या. ठास. गज काढ. टोपी." लहानपणी बद्रुद्दीन वावरात ज्वारीच्या धांड्याची बंदूक घेऊन त्यांच्या मागं मागं तेच ओरडत फिरे. 'गज काढ' वर आजोबा सगळ्यात मोठ्यानं ओरडत, कारण गज नळीतच विसरून बार टाकणारा एक नातेवाईक त्यांना माहीत होता आणि त्या माणसाचं नाव ते डुकरासारखंच तोंडानं घेत नसत. पुढं तो ठासायचा गज मोडला. बापानं सायकलवाल्याकडून एक सळई कापून आणली, ती जरा आखूड निघाली. ठासताना शेवटी बोटं नळीच्या तोंडाशी अडत. बाप म्हणाला, चालतंय, कुठं मारायचंय रोज. आणि खरंच नव्हतं मारायचं. बापानं एकदा ईदेला हवेत बार काढला होता. बद्रुद्दीननं दरवर्षी तेल लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं तो निघाला. शहाजादीनं बंदूक हिरव्या चादरीत गुंडाळून दोन ठिकाणी लाल नाडीनं बांधून दिली, म्हणजे गाडीत कुणी घाबरू नये. कोणी घाबरलं नाही. चिखलीला एक म्हातारी बाजूला येऊन बसली, तिनं त्या उभ्या हिरव्या गुंडाळीकडं जरा वेळ पाहिलं, मग पदर सावरून तिला हात लावला आणि हात कपाळाला लावला. "कोन्या बाबाचं निशाण हाय, भाऊ?" तिनं विचारलं. बद्रुद्दीनला सांगता येईना. सगळी गाडी ऐकत होती. तो म्हणाला, "जानेफळले चाललं." म्हातारीनं पिशवीतून मूठभर फुटाणे काढून त्याच्या मांडीवर ठेवले आणि आपल्या सुनेला दिवस जाऊ देत म्हणून गुंडाळीच्या पायाशी पुन्हा वाकली. पुढच्या सीटवरच्या दोघांनीही मग वळून हात लावला. मेहकर येईपर्यंत त्याला पाय लांब करता आला नाही. खिडकीबाहेर कपाशीच कपाशी होती, सगळी एकसारखी, एकाच कंपनीनं शिवलेल्या शाळेच्या गणवेशासारखी. फुटाणे खावेत की नाही याचा विचार करत त्यानं ते खाऊन टाकले. बंदुकीच्या नावानं मिळालेलं, खाता येईल असं ते पहिलंच काहीतरी होतं.

जानरावाचं वावर म्हणजे आजोबांचंच वावर, पण बद्रुद्दीनला ते ओळखू आलं नाही. बांधाभोवती काठ्या रोवून त्यांना जुनी लुगडी बांधली होती, लाल, निळी, पोपटी, कुणाकुणाच्या अंगावरची, वाऱ्यावर फडफडत. बदाला वाटावं की माणसं उभी आहेत. पहिल्या वर्षी बदाला तसं वाटलं होतं. सरीसरीतून काळे केस पसरले होते, न्हाव्याच्या दुकानातून पोत्यानं आणलेले. बद हुंगत आला की नाकात केस जावेत म्हणून. चालताना ते चपलेला चिकटत होते.

"तुया दाढीचे बी असतीन याच्यात," जानराव म्हणाला. "बुलढान्याहूनच आनले."

"मंग त भेलेच पायजे होते."

"भेले ना. पयल्या दिवशी." जानरावानं एक बोंड तोडलं आणि त्याच्यापुढं फोडलं. आतली एक फोड पांढरी होती, बाकीच्या सडून पिवळ्या पडल्या होत्या, आणि त्यात एक गुलाबी अळी अंग चोरून झोपली होती. "हे पाय. बीटी. पयल्या साली मी गावभर सांगत फिरलो, अळी तोंडच लावत नाय म्हनून. तोंड नाय लावलं. आता बिऱ्हाडच केलं. वरून अळी, खालून बद, अन मधात मी."

त्याचा आवाज अगदी सरळ होता. बद्रुद्दीनला वाटलं, हाही एकदा असाच कुठल्यातरी बाकावर बसून बशी फुंकत बोलला असेल, आणि मग त्याच्याही पायांनी. पण जानराव कशावर चढणार. त्याच्या आजूबाजूला चढण्यासारखं काही नव्हतं. सगळं सपाट, पांढरं, आणि त्यात बदांनी लोळून केलेले गोल गोल आखाडे, आडवी झालेली झाडं, अर्धवट चावून टाकलेली हिरवी बोंडं.

खोपीपाशी जानरावाची बायको सुभद्राबाई चूल पेटवत होती. "या बदूभाऊ," ती म्हणाली. "शहाजादीभाभीले नाय आनलं? बंदुकीले मात्र चादर पांघरून आनलं." आणि मग खालच्या आवाजात, "पाडा एखादा. रोज सकाळी आल्या आल्या मोजाच लागते, आज किती गेलं म्हनून."

वनरक्षक दीपक आधीच येऊन बाजेवर बसला होता. जळगाव जामोदकडचा, पहाडाच्या पायथ्याचा, नव्यानं बदली होऊन आलेला पोरगेला माणूस. त्याला चहा नको होता, फक्त हे लवकर आटपायला हवं होतं. बद्रुद्दीननं बाजेच्या कडेला बसून नाड्या सोडल्या, चादर बाजूला केली. सगळे जवळ सरकले. मावळतीचं ऊन नळीवर पडलं होतं आणि त्या क्षणी, एवढ्या सगळ्यांच्या नजरेत, त्याला आपले हात आजोबांचे वाटले. त्यानं शिंगातून दारू ओतली. काथ्या कोंबला. गज घातला, ठासून काढला. छर्रे ओतले, ते नळीतून उतरताना पावसासारखा बारीक आवाज झाला. ओठ नकळत हलत होते. काथ्या. ठास. बोटं नळीच्या तोंडाशी अडली, बापाच्या सळईपाशी, आणि त्याला बापाबद्दलही एकदम बरं वाटलं. आता पुढं...

"मंग डुक्कर येते कोनीकडून?" दीपकनं विचारलं.

चुलीपाशी सुभद्राबाईच्या हातातली फुंकणी थांबली. जानरावानं बंदुकीकडं, मग बद्रुद्दीनकडं पाहिलं. बद्रुद्दीन "तौबा" म्हणाला, मान वळवून बाजूला थुंकला आणि दोन्ही हात कानांना लावले. शब्द कानातून आत गेला होता, थंड, ओला, पायजम्याला घासला होता तसाच.

"त्यायच्यासमोर नाव नाय घेत," जानराव दीपकला म्हणाला. "बद म्हना."

"बद?"

"बद."

"बरं. बदसाहेब कोनीकडून येतेत?"

"वढ्याकडून."

बद्रुद्दीननं हात खाली घेतले. कुठपर्यंत आलो होतो ते त्यानं आठवून पाहिलं. ठासून झालं होतं, ते बोटांना आठवत होतं. त्याच्यानंतर टोपी. त्यानं डबीतून तांब्याची बारकी टोपी काढली, हिरवट पडलेली, बापाच्या वेळची, आणि घोड्याखाली बसवली. आजोबा आत कुठंतरी ओरडत होते, पण ते नेहमीच ओरडत.

मचान बांधलेलं होतं, बाभळीला टेकून. जानराव म्हणाला, "वर चढ." बद्रुद्दीन म्हणाला, "मचानावरून कोनी बी मारते." हे वाक्य त्यानं कालच तयार केलेलं होतं, बाकावर चढायच्या आधी, आणि आता ते वाया जाऊ देणं त्याच्यानं झालं नाही. तो खाली, बांधाच्या खिंडारापुढं, गुडघा टेकून बसला. मचानावर दीपक चढला आणि मोबाईल पाहू लागला. जानराव रिकामा डबा घेऊन ओढ्याकडं गेला.

मग बराच वेळ काही नव्हतं. ऊन उतरलं होतं, कपाशीचा पांढरेपणा मात्र मागं राहिला होता. गुडघा दुखू लागला. बद्रुद्दीन पायांशी मनातल्या मनात बोलत होता. त्यानं त्यांना समजावून पाहिलं, पेन्शनीची, इज्जतीची, शहाजादीची आठवण दिली. मग धमकावून पाहिलं. पाय ऐकत होते की नाही ते कळत नव्हतं. त्याला वाटलं, माणूस आयुष्यभर एका बंदुकीखाली बसतो, लोक बंदुकीला सलाम करतात आणि तो आपल्यालाच आहे असं समजून तो मान हलवतो. बंदूक खाली काढली की भिंतीवर जो पांढरा डाग राहतो तेवढाच आपण. असा विचार त्यानं पूर्वी कधी केला नव्हता. भूक लागली असेल, असं त्यानं ठरवलं.

ओढ्याकडं डबा वाजायला लागला. जानरावाचा आवाज आला, लांबून, वाऱ्यानं अर्धा तोडलेला. "बद आलाऽ. बद आलाऽ."

"येऊ द्या," खोपीतून सुभद्राबाई ओरडली. "चहा गाळलाच हाय."

"बदूकाका त इथंच हायत," मचानावरून दीपक ओरडला.

"बदू नाय, बद," जानराव ओढ्याकडून ओरडला.

"हाव, बदूभाऊच म्हनून राह्यली मी. बशी देऊ का कप?"

"अवं, बद, बद."

"कोन आला म्हनतेत?" दीपकनं खाली वाकून बद्रुद्दीनलाच विचारलं. बद्रुद्दीननं उत्तर द्यायला तोंड वर केलं, आणि तोंड खाली केलं तेव्हा खिंडारात तो उभा होता.

पोपटी लुगड्याच्या कडेला, अगदी समोर. मोठा, करडा, पाठीवरचे केस उभे. नाकाला कापसाची एक लोंब चिकटलेली होती आणि श्वासाबरोबर ती आतबाहेर होत होती. तो पळत नव्हता. त्याचे डोळे बारीक होते, थकलेले, आणि त्यांत राग असा काहीच नव्हता. कुठंतरी पाहिलेले डोळे. बद्रुद्दीनला आठवलं. कचेरीतल्या साहेबानं शेवटी एकदाच कागदावरून वर पाहिलं होतं, तेव्हाचे. पीक कुठंय? बद्रुद्दीननं दस्ता खांद्याला लावला. डोळ्यात डोळा घालून झाला होता. सगळं म्हटल्याप्रमाणं होत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण खरंच कुणीतरी आहोत असं वाटलं. त्यानं चाप ओढला.

टक्.

बदानं कान हलवला.

पुढचं काय झालं ते बद्रुद्दीनला माहीत नाही. माहीत झालं तेव्हा तो मचानावर दीपकच्या शेजारी बसलेला होता, बंदूक डाव्या हातात होती. मचानाला शिडी होती ती ओढ्याच्या बाजूला, आणि तो त्या बाजूनं आलेला नव्हता.

खाली बद पोपटी लुगड्यातून सरळ घुसला होता. काठी मोडली, लुगडं त्याच्या गळ्यात आणि पाठीवर बसलं, आणि ते घेऊन तो खोपीकडं धावत सुटला. सुभद्राबाई कपबशी पुढं धरून उभी होती. आपल्याच लुगड्याला आपल्याकडं येताना पाहून ती बाजूला झाली. तो चुलीवरून गेला, चहाचं पातेलं उडालं, आणि लुगडं पदरासारखं मागं सोडत तो पलीकडच्या बांधावरून दिसेनासा झाला.

"भावाच्या लग्नातलं होतं," सुभद्राबाई म्हणाली. "मी म्हनत होती, ते नका बांधू."

जानराव डबा घेऊन धापा टाकत आला. वर मचानाकडं पाहिलं.  त्यानं खाली पडलेली बद्रुद्दीनची चप्पल बाभळीच्या बुंध्याशी सरळ करून ठेवली.

"आडवं काही पडलंच नाय त मी काय कळवू, काका?" दीपक म्हणाला. "तुमीच सांगा. खोटं त लिहिता येत नाय. बदसाहेब उभे होते, उभेच गेले."

टोपी पुन्हा एकदा दाबून पाहावी का, असं बद्रुद्दीनला वाटलं, पण हात तयार होईनात. आता हातांनीही पायांशी संगनमत केलं होतं. भरलेली बंदूक घरी न्यायची नसते, बार टाकायचा किंवा गजानं आतलं उपसून काढायचं, हे आजोबांनी सांगितलेलं होतं. म्हणून त्यानं गज शोधला. नळीखालच्या खाचेत गज नव्हता. बाजेवर नव्हता. चादरीत नव्हता. बांधापासून बाभळीपर्यंत आपण धावलो असणार, तेव्हा पडला असणार, असा हिशोब करून तो, जानराव आणि सुभद्राबाई वाकून वाकून कपाशीतून फिरले. हाताला केस लागत होते, बोंडं लागत होती, एकदा जानरावाला आपलाच मागल्या साली हरवलेला विळा सापडला. गज सापडला नाही. बद्रुद्दीनला रडू येत होतं आणि ते गजासाठी आहे असं वाटून त्याला बरं वाटत होतं.

"जाऊ दे बे," जानराव कंबर सरळ करत म्हणाला. "सकाळी पाहू. नाय त कपाशी उपटीन तवा सापडन. उपटायचीच हाय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडं हॉटेलातला ड्रायव्हर होता, काय झालं म्हणून विचारत होता. "काय होनार," जानराव म्हणाला. "बद पळाला."

बद्रुद्दीन सकाळच्या गाडीनं बुलढाण्याला पोचला तेव्हा शहाजादी दारातच उभी होती. आज बादली नव्हती.

"पूरा मोहल्ला बोल रहा, बदू भाग गया."

"बदू नहीं. बद. बद भागा."

"कौन भागा?"

त्याला समजावून सांगायचं होतं की एका उकाराचा फरक आहे, लोकांच्या कानाची चूक आहे, फोनवर नीट ऐकू येत नाही. पण ते सांगण्यासाठी तोंड उघडल्यावर त्याच्या लक्षात आलं की लोकांनी चुकीचं ऐकलं असलं तरी बरोबर ऐकलं होतं. अशा बातमीला खोटं कसं पाडायचं हे त्याला कळेना. दोघंही पळाले होते. त्यातल्या एकानं निदान लुगडं नेलं होतं. "छोडो," तो म्हणाला, आणि टीव्हीच्या वरच्या खिळ्याकडं न पाहता, गुंडाळी तशीच खांद्यावर घेऊन ठाण्यात निघाला.

ठाण्यात अंमलदार जेवणानंतरची सुपारी कातरत होते. त्यांनी माहिती भरायचा कागद पुढं सरकवला. त्यांनी जिथं जिथं बोट ठेवलं तिथं तिथं बद्रुद्दीननं लिहिलं. मग चादर सोडून बंदूक टेबलावर ठेवली.

"भरली का सगळी?" अंमलदारांनी विचारलं.

"भरली हाय, साहेब. तेच सांगून राह्यलो. भरलेली हाय."

"मग झालं तर."

"तसं नाय साहेब. काढता येत नाय ते. गज हरवला."

"काढायची कशाला? भरली ते बरंच केलं. लोक अर्धी सोडतात अन मग आमच्या डोक्याला ताप." त्यांनी कागद उलटून सही पाहिली, शिक्का मारला आणि खणात टाकला. मग बंदुकीकडं त्यांचं खरं लक्ष गेलं. त्यांनी ती उचलली, वजन पाहिलं, नळीवरून हात फिरवला, गुळगुळीत जागेवर अंगठा घासला. "जुनी दिसते."

"आजोबांची."

"शिकारी होते?"

"हाव." बद्रुद्दीनला वाटलं होतं की आता पुढचं आपोआप तोंडातून येईल, बदाच्या डोळ्यात डोळा, समोरून, खानदान. आलं नाही. तिथं काही नव्हतंच. आत पाहिलं तर खिळ्याखालचा पांढरा डाग तेवढा होता, आणि नवल म्हणजे त्याला त्याचं फार काही वाटलं नाही.

अंमलदारांनी दस्ता खांद्याला लावून समोरच्या भिंतीवर नेम धरला. घोडा मागं ओढला. "चालते का हो ही?"

"नाय साहेब," बद्रुद्दीन म्हणाला. बंदुकीबद्दल त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं. "फुसकी हाय. नाय चालत."

अंमलदारांनी चाप ओढला.

धूर निवळायला वेळ लागला. कुणाला लागलं नाही. अंमलदार खुर्चीसकट मागं पडले होते आणि बद्रुद्दीन बाकावर उभा होता. समोरच्या भिंतीत, माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, सायकलवाल्याकडून कापून आणलेली सळई अर्ध्यापर्यंत रुतली होती. दोघा शिपायांनी ओढून पाहिली. निघाली नाही. अंमलदार आता तिच्यावर टोपी अडकवतात.